बाबांची पहिली फेरी

खारबावच्या मितेशने ती लाल स्पोर्ट्स कार निवडण्यात दोन वर्षं घालवली. इंजिनाचा आवाज ऐकायला तो पार पुण्याला जाऊन आला, आणि गिअर हातानेच टाकायचा, ऑटोमॅटिक नको, यावर अडून बसला. गाडी आल्यावर रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, तो एकटाच अकलोलीपर्यंत फेरी मारून यायचा. वडील अनंता मात्र तिच्यात कधी बसले नाहीत. "एवरी बुटकी गाडी! त्यापरीस भुईवर बसलेलं काय वाईट हाय?" म्हणून हसायचे.

त्या दुपारी अनंतांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा फोन आला, तसं मितेशने त्यांना उचलून गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि हॉस्पिटलकडे निघाला. अंजूरफाट्याजवळ पुढे कंटेनर, मागे कंटेनर. त्याने हॉर्न वाजवला, मग खाली उतरून हात जोडले.

"भाई, साइड दो ना, बाबा सीरियस है!"

"किधर लूँ? तू ही बता," पुढचा ड्रायव्हर कळवळून म्हणाला.

मितेश परत आत येऊन बसला. काहीच सुचेना, म्हणून त्याने गिअर न टाकता नुसताच ॲक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन गरजलं, सीट थरथरली. डोळे मिटलेल्या अनंतांनी चाचपडत त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"बेस पलते रं तुजी गाडी. पन जरा हलू चालव."



"बरं बाबा," म्हणत मितेशने जागच्या जागी उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर हळूच सोडला.