दोन्ही टाचा

“टेकली का टाच?” मेकॅनिकने विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

मोटरसायकलवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी पाय ताणून पाहिला. “चवडा टेकतोय. टाच नाही.”

मेकॅनिक गुडघ्यांवर बसला. त्यांच्या बुटाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून त्याने मान तिरकी करून पाहिलं. “आणि बसायला? बोचत नाही ना कुठे?”

आतल्या बाजूला शिलाई मशीनवर त्याची बायको बसली होती. गॅरेजात येणारे सगळे तिला सीटवाल्या वहिनी म्हणत, कारण नवरा गाड्या खोलायचा आणि ती त्यांच्या सीटा शिवायची. ‘बोचत नाही ना’ ऐकून तिचा पायडलवरचा पाय थांबला. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्याच्या मागे बसून ती कुठे कुठे जाऊन आली होती, दोन बाळंतपणांना आणि एकदा मोडक्या हातानिशी दवाखान्यातसुद्धा. पण कुठे काही बोचतंय का, हा प्रश्न या माणसाला विचारता येतो, हे तिला आजच कळत होतं.

डॉक्टरीणबाई गुरांच्या. दिवसभर गावोगाव फिरायच्या. गाडी हौसेने घेतली, पण उंची आड आली. गेल्या आठवड्यात एका गोठ्याच्या फाटकाशी थांबताना पाय पोचला नाही आणि गाडीसकट पडल्या. तेव्हापासून मेकॅनिकने मनावरच घेतलं होतं. मागचे शॉकअप काढून आखूड बसवले, पुढचे फोर्क वर सरकवले. खाली आलेली गाडी नीट कलून उभी राहावी म्हणून साइड स्टँडही कापून पुन्हा वेल्ड केला. आता सीटचा फोम वरून तासणं चाललं होतं. थोडा तासायचा, बाईंना बसवायचं, टाच बघायची. पुन्हा थोडा.

चूक कुठे होतेय ते तिला पहिल्याच खेपेला दिसलं होतं. सीट आता उंच राहिलीच नव्हती, रुंद होती. मांड्या फाकल्या की पाय तिथेच दोन बोटं आखूड होतो. वरून कितीही तासा, शेवटी बसणाऱ्याला खालचा पत्रा लागणार, टाच काही टेकणार नाही. काढायला हवा होता तो बाजूंनी. पण नवरा पडला ताडमाड. त्याचे पाय कुठल्याही गाडीवरून घरच्यासारखे जमिनीला लागत. त्याला हे कुठून कळावं?

सांगावं, असं दोनदा तिच्या तोंडाशी आलं, पण तेवढ्यात तो बाईंसाठी स्टूल फडक्याने पुसायला लागला आणि आलेले शब्द मागे फिरले. तासू दे. होऊ दे फजिती. सकाळपासून तिने एकच शिवण दोनदा उसवली होती.

“आज काही जमेलसं वाटत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उद्या येऊ का परत?”

“या की मॅडम. जमेपर्यंत रोज या. आपलंच गॅरेज आहे.”

ती उठली. फोम कापायची सुरी घेतली, खडू घेतला आणि गाडीपाशी आली.

“बाजूला व्हा.”

“अगं, मापं घेतलीयत मी.”

“उंचीची घेतलीत. मांडीचं कोण घेणार?” आणि तो तोंड उघडायच्या आत, “तुम्ही नाही.”

डॉक्टरीणबाई फस्सकन हसल्या.

तिने टेप लावलाच नाही. सीटच्या पुढच्या भागाला दोन्ही अंगांनी रेघ ओढली, जरा थांबून आणखी बोटभर आत ओढली आणि सुरी चालवली. फोमचे काप पायाशी पडत गेले. मग कव्हर तात्पुरतं ताणून तिने सीट गाडीवर बसवली.

“चढून-उतरून माझा जीव गेला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वहिनी, आपण एकाच उंचीच्या. तुम्हीच बसा आता, मी खालून बघते.”

ती बसली. आजवर किती सीटा तिच्या हातून गेल्या होत्या. दुपारी नवरा जेवून लवंडला की त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर ती चोरून चढलीही होती. एक पाय चवड्यावर, दुसरा लोंबकळत, एक हात भिंतीला. आज भिंत लागली नाही. तिने गाडी स्टँडवरून सरळ केली. एवढं धूड, पण तिच्याखाली मुकाट उभं राहिलं.

“टेकल्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोन्ही टाचा.”

तिचे हात हँडलवर गेले होते ते तिथेच राहिले.

“अगं, उतर आता,” नवरा म्हणाला. “त्यांना जायचंय.”

ती उतरली. घाई नाही केली.

कव्हर पक्कं शिवून होईतो ऊन कलायला आलं. डॉक्टरीणबाईंनी गाडी सुरू केली, गेटशी पाय टेकून थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं आणि रस्त्याला लागल्या. ती दारात उभी होती. नवरा हात पुसत शेजारी आला. चेहरा खुललेला.

“सकाळपासून बघतोय. जळत होतीस ना?”

“हो.”

तो आणखी खुलला. “वेडी आहेस. गिऱ्हाईक आहे ते. माझ्या मनात काहीसुद्धा नाही.”

“तुमचं कोण बोलतंय,” ती म्हणाली.

तो काही विचारणार होता, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. कोपऱ्यापलीकडे गेलेल्या गाडीचा आवाज क्षणभर पडला आणि पुन्हा भरून आला.

“तिसरा गिअर टाकला तिने,” ती म्हणाली.