शेलवडीचा बंद थांबा

बार्शीकडून गाडी निजामाच्या हद्दीत शिरली की शेलवडी यायची. तिथला थांबा बंद करून महिना झाला होता. नावाची पाटी उपटून नेली, तिकीटबारीला कुलूप लागलं. तरी गाडी भर दुपारी तिथं थांबायचीच, आणि उशिराचा जाब साहेबलोक मला, गार्डाला, विचारायचे.

त्या दिवशीही थांबली. मी तणतणत इंजिनापाशी गेलो.

"महारुद्र, आज पुन्हा का थांबवलीस?"

"म्या ब्रेकला हात लावला न्हाय, साहेब," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "तीच थांबती."

फलाटावर चिटपाखरू नव्हतं. मागं वळलो, तर तिसऱ्या डब्याचं दार सताड उघडं. आत लोक एकमेकांना खेटून बसलेले, कित्येक उभे, आणि मधलं आख्खं बाक रिकामं.

"तिथं बसायला काय झालं?" मी खेकसलो.

ढोकीच्या बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या रुद्रम्मा म्हणाल्या, "हितं रोज माणसं चढत्यात. सरकून जागा द्यायला नगं?"

"कुठली माणसं?"

"आमाला तरी कुठं दिसत्यात!" त्याही चिडल्या.

माझं डोकंच फिरलं. "बघा, कुणी नाही इथं!" असं म्हणून मी त्या बाकाच्या मधोमध दाणकन बसलो.

त्या बाजूला ऊन नव्हतं, तरी फळी गरम लागली.

मग माझ्या डावी-उजवीकडं बाक करकरलं. मला नीट बसता यावं म्हणून दोन्हीकडची माणसं सरकून घेत होती.