न गेलेले अहवाल

"नाना, तुमचा कॉम्प्युटर का रखडतो ते सापडलं," हेमांगी वडिलांना म्हणाली. "लिहायचा प्रोग्राम बंद पडला की त्याचा अहवाल कंपनीला पाठवणारं एक काम आतल्या आत चालू असतं. ती कंपनीच आता उरलेली नाही, आणि हे बापडं चाळीस अहवाल घेऊन ताटकळतंय. थांबवते त्याला."

"अहवाल पुसून टाक. वाचू नकोस," नाना घाईने म्हणाले. पण तिने पहिला उघडलाच होता.

'प्रोग्राम बंद पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात?' या प्रश्नाखाली नानांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'मुलीच्या कादंबरीवर अभिप्राय लिहीत होतो. जन्मभर लिहून मला जे साधलं नाही, ते तिला पहिल्याच पुस्तकात साधलं आहे. हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?' दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच.

नानांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"परक्या कंपनीला सांगितलंत," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आणि मला सहा महिने एक शब्द नाही?"

"त्यांनी विचारलं गं. आणि ते कुठे मला ओळखतात!"

"तुम्ही गप्प, म्हणजे कादंबरी टाकाऊ, असं धरलं मी. आज सकाळीच प्रकाशकांना कळवलं, छापू नका."

स्वतःच्या पुस्तकासाठीही त्यांनी आयुष्यात कधी कुणा अनोळखी माणसाला फोन केला नव्हता. खुर्चीचा आधार घेत ते उठले.

"लाव त्यांना फोन," ते म्हणाले. "मी बोलतो."