फुलांचा पत्रा

आनेकलच्या कारखान्यात ज्योतिबा वितळलेल्या जस्तात पत्रे बुडवायचा. जस्तात थोडं शिसं घातलं की पत्र्यावर मोठाली, चमकदार फुलं उमटत. तेच शिसं त्याच्या रक्तात सापडलं, तेव्हा त्याने मालकाचे, शिवकुमारचे पाय धरले.

"सरी, ठीक आहे, महिनाभर शिसं घालू नकोस," शिवकुमार म्हणाला. "पण बिनफुलांचा माल खपला नाही, तर मी तरी काय करू?"

महिना संपत आला, तरी दुकानांत ते पत्रे पडूनच होते. शेवटच्या दिवशी ज्योतिबाने स्वतःच्या छपरासाठी त्यातले दोन विकत आणले.

घरी त्याच्या बायकोने, शिवलीलाने पत्र्यावरून हात फिरवला.

"अहो, दुकानदाराने नकली माल गळ्यात मारला तुमच्या. एक फूल नाही यावर. परत करा, आणि फुलांचाच आणा."