तीन वाटे

द्वारकाबाईनं परातीतल्या सीताफळांचे तीन वाटे घातले आणि आवडाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

“मागं बघायचं नाय. मी एकेका वाट्यावर बोट ठेवीन, तू नुसतं नाव घ्यायचं. बाप्ये मटणाचे वाटे करतात ना, तसं. मंग कुणाला मोठं गेलं, कुणाला बारकं, माझ्यावर बोलणं नाय.”

सांडू आणि सरू तिची पोटची. आवडा नणंदेची, मनकर्णाची. दोन महिन्यांखाली पैठणला मनकर्णा वारली आणि पोर मामाकडं कन्नडला आली. तेव्हापासून आळीतल्या बायांचे डोळे द्वारकाबाईच्या हाताकडं. मामी कुणाला काय वाढते? बायांचं जाऊ द्या, तिचा तिलाच भरवसा नव्हता. हात पोटच्यांकडं आपसूक झुकतोच की.

“हा कुणाचा?”

“सरूचा.”

“हा?”

“सांडूचा.”

“आन् हा?”

“मामीचा,” आवडा म्हणाली. “ऱ्हायलेला माझा.”

परातीत काहीच राहिलं नव्हतं.

सांडू खिदळला. “येडी हाय का? आईचा वाटा नसतो. ती उरलंसुरलं खाती.”

आवडानं मान वळवली नाही. “आमच्या घरी असायचा. आई म्हणायची, घरात जेवढी तोंडं तेवढे वाटे.”

आल्यापासून पोरीनं आज पहिल्यांदा आईचं नाव काढलं. द्वारकाबाईचं बोट तिसऱ्या वाट्यावरच थांबलं. माहेरी आली की मनकर्णा आपला वाटा बिनदिक्कत काढून घ्यायची, आणि हिनं तिला उभा जन्म हावरट म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले. बाई गं, लई उपकार झाले तुझे, ती मनात म्हणाली. पोर शिकवून धाडलीस माझ्याकडं.

तिनं तिन्ही वाटे मोडून चार घातले. आवडानं पुन्हा नावं घेतली आणि ज्याचा त्याला वाटा मिळाला.

द्वारकाबाईनं आपल्या वाट्यातलं एक फळ फोडलं आणि सवयीनं अर्धं सांडूपुढं केलं. आवडा आता वळून उभी होती. हातातलं फळ तसंच, नजर मामीच्या हाताकडं.

द्वारकाबाईनं हात मागं घेतला.

“दे ना,” सांडू म्हणाला.

“तुझा तुला मिळालाय,” ती म्हणाली, आणि पोराच्या डोळ्यांदेखत अख्खं सीताफळ एकटीनं खाल्लं.