होडीचं पान

“ही नाही,” असं म्हणून गिऱ्हाइकाने पुस्तक मिटलं आणि अलगद काउंटरवर ठेवलं.

दुकानदाराने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दुर्मीळ पुस्तकांच्या धंद्यात त्याचे केस पांढरे झाले होते, पण असा चोखंदळ माणूस त्याने पाहिला नव्हता. एका जुन्या, गाजलेल्या सागरी कादंबरीची सचित्र आवृत्ती, तीही लेखकाच्या सहीची, एवढीच याची मागणी. पण लेखकाने सही केलेल्या प्रती मुळात मोजक्याच, त्यामुळे एकेक शोधताना दुकानदाराच्या नाकी नऊ येत. आणि हे गृहस्थ आधी सही बघणार, मग होडीच्या चित्राचं पान काढणार आणि पुस्तक परत करणार. दुकानदाराच्या बायकोने त्यांचं नावच ‘नकारघंटा’ ठेवलं होतं.

“नेमकी कशी हवी, ते तरी सांगा,” दुकानदार म्हणाला.

“दिसली की कळेल.” ते जरा घुटमळले. “सही आणि होडीचं पान, एवढं आधी बघत जा.”

दुकानदार काय ते समजला. या माणसाला एक डागही खपत नव्हता.

पुढची प्रत मिळायला बराच काळ गेला. एक वाचनालय मोडीत निघालं, त्याच्या ढिगात ती सापडली. बांधणी भक्कम, कागद कसदार, सही अस्सल. पण सहीखाली कुणा पोराने पेन्सिलीने नाव गिरगटलेलं आणि होडी तांबड्या खडूने रंगवलेली. राहू दे की तसंच, गोड दिसतंय, असं बायको म्हणाली. तुला धंद्यातलं काय कळतं, म्हणून त्याने तिला उडवून लावलं.

पेन्सिलीचं नाव त्याने मऊ रबराने असं पुसलं, की भिंगातूनही मागमूस दिसू नये. खडू मात्र निघेना. मग त्याच आवृत्तीच्या एका फाटक्या, बिनसहीच्या प्रतीतलं होडीचं न रंगवलेलं पान काढून त्याने इथे बेमालूम बसवलं. अशी डागडुजी या धंद्यात सगळेच करतात. रंगवलेल्या पानाचे तुकडे, पान चिकटवताना बाहेर आलेली खळ पुसायला कामी आले. काम झाल्यावर स्वारी स्वतःवरच खूश होती.

गृहस्थ निरोप मिळताच आले. त्यांनी सही पाहिली, होडीचं पान काढलं. या वेळी ते जरा जास्त थांबले, तसा दुकानदार हसायच्या बेतात आला.

“ही नाही.”

आता मात्र दुकानदाराचा संयम सुटला. “साहेब, यापेक्षा स्वच्छ प्रत शोधून सापडायची नाही.”

“स्वच्छ कुणाला हवीय?” ते खाली बघत म्हणाले. “सांगायची लाज वाटायची मला. माझी अशीच प्रत होती. माझ्या मुलीने सहीखाली आपलं नाव लिहिलं, होडी रंगवली. प्रत बाद झाली म्हणून मी तिला मारलं आणि रागाच्या भरात पुस्तक विकून टाकलं. त्यानंतर ती आजारी पडली, ती उठलीच नाही. तिच्या हातचं अक्षर तेवढं एकच.”

दुकानदाराने पुस्तक जवळ ओढलं आणि सहीखालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. त्याला वाईट वाटलं असं समजून गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही शोधत राहा. कुठेतरी असेलच ती. लहान मुलीचं नाव कोण कशाला पुसेल?”