डेटाबेसची शर्यत

भोरच्या एसटी स्टँडसमोर इरफानचं वधूवर सूचक केंद्र होतं. २००४ साली त्याने स्थळं शोधायला कॉम्प्युटरवर एसक्यूएलचा एक नवा, हलका डेटाबेस टाकला. जुन्यापेक्षा तो किती भरभर शोधतो, हे बघायला सकाळचं पहिलंच गिऱ्हाईक सापडलं. वेल्ह्याकडून आलेल्या गेनबांना लेकीसाठी, मंगलसाठी स्थळ हवं होतं. इरफानने बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं: जुळणारं स्थळ नाही.

"एवढ्यात?" गेनबा भडकले. "दोन एसट्या बदलून आलोय आमी. लेकीच्या लग्नाचं काम हाय, नीट हुडकाय लाव त्याला!"

गिऱ्हाईक नाराज नको म्हणून इरफानने तेच काम जुन्या डेटाबेसला दिलं. कॉम्प्युटर घरघरायला लागला.

"हां, आता कसं मन लावून बघतंय!" म्हणत गेनबा निवांत बाकावर टेकले. तेवढ्यात मुलाचं, गोरखचं नाव नोंदवायला आंबवड्याच्या ठकुबाई आल्या आणि शेजारी बसल्या. गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, शेती किती, असं सुरू झालं. चहा आला, तोही संपला.

अखेर जुन्याचंही उत्तर आलं: जुळणारं स्थळ नाही. इरफान ओशाळून वळला. "गेनबाकाका, वाईट वाटून घेऊ नका, पण..."

"ऱ्हाऊ दे आता," गेनबा हसत उठले. "ह्यांचा गोरख ऐतवारी मंगलला बघाय येतुया."




संध्याकाळी इरफानने नवा डेटाबेस काढून टाकला आणि आणखी एक बाक आणला.